आधी नऊ दाबा

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो माझ्या टेबलाखाली होता. मी डबा ठेवायला वाकले, तर आत एक माणूस तोंडात वायर धरून बसलेला! मी किंचाळले. तो दचकून उठायला गेला आणि त्याचं डोकं टेबलावर आपटलं.

"कोण तुम्ही?"

"फोनवाला," तो डोकं चोळत म्हणाला. "आणि तुम्ही... ओरडता छान."

आमचं पडद्यांच्या कापडाचं ऑफिस. बाहेर फोन करायचा तर सगळे मलाच सांगायचे आणि मी रिसेप्शनवरून जोडून द्यायची. आता नवी यंत्रणा येत होती. आधी नऊ दाबायचा, मग नंबर. गावातला फोन कुठल्या लाइनवरून जाणार आणि परगावचा कुठल्या, ते यंत्रच ठरवणार. त्याचे नियम हा फोनवाला माझ्याच शेजारी बसून लॅपटॉपवर घालत होता. मला मात्र त्या नियमांपेक्षा त्याच्या कोपरापर्यंत सरकवलेल्या बाह्यांमध्येच जास्त रस होता.

"म्हणजे माझं काम गेलं म्हणा की," मी म्हणाले.

"छे! यंत्र फोन लावतं. चिडलेल्या गिऱ्हाइकाला हसवत नाही." असं म्हणून त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. पलीकडे हिशेब बघणाऱ्या काकूंना नेमका तेव्हाच खोकला आला.

काम संपलं. निघताना तो दारात घुटमळला. "बरं... येतो."

"या," मी म्हणाले. झालं! दोघंही शेळपट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या सगळ्यात किरकिऱ्या गिऱ्हाईकबाईंना फोन लावला. "मॅडम, तुमचे पडदे तयार आहेत. मरून रंगाचे, मखमली."

पलीकडून चहाचा भुरका ऐकू आला. मग—

"मला शोभेल मरून?"

"तुम्ही? तुम्ही त्यांच्या घरी काय करताय?"

"मी माझ्या घरी चहा पितोय... अरे देवा! चाचणीसाठी एक नियम टाकला होता. रिसेप्शनवरून कुठलाही नंबर फिरवा, माझाच मोबाइल वाजेल. काढायचा राहिला!"

"साहेबांना कळलं तर माझी खरडपट्टी काढतील."

"लगेच बघतो."

त्यानंतर बाईंना फोन नीट लागला. आणि मला चक्क वाईट वाटलं. दिवसभर कशात मन लागेना. शेवटी टेबलाच्या काचेखालचं त्याचं कार्ड काढलं, नऊ दाबला आणि त्याचाच नंबर फिरवला.

"अहो, पुन्हा तुम्हालाच लागला! मी आमचे पडदे शिवणाऱ्या टेलरकाकांना करत होते."

"असं?... बघतो हं."

मग रोजच टेलरकाकांचा फोन त्याला लागायला लागला. तो 'बघतो' म्हणायचा आणि आम्ही भलत्याच गप्पांत रमायचो. त्याची धाकटी बहीण आंघोळ करताना किती बेसूर गाते, तेही मला पाठ झालं. "तुझा टेलर फारच गोड बोलतो वाटतं," काकू म्हणाल्या.

एका शुक्रवारी मात्र तो हळूच म्हणाला, "सोमवारपासून माझी बदली परगावच्या शाखेत. तुमच्याकडे दुसरा माणूस येईल."

"मग... हा बिघाड?"

"आजच येऊन बघतो."

संध्याकाळी तो आला. बाहेर भुरभुर पाऊस होता, केसांवर थेंब तसेच. माझ्या शेजारी बसून त्याने लॅपटॉप उघडला आणि मोबाइल माझ्यासमोर ठेवला. "लावा टेलरकाकांना."

आता काय करणार? मी नऊ दाबला, काकांचा नंबर फिरवला. त्याचा मोबाइल गप्प.

"हॅलो! कोण बोलतंय?" टेलरकाका खेकसले. मी फोन ठेवला.

"झाला वाटतं दुरुस्त," मी पुटपुटले.

"तो नियम मी पहिल्या फोननंतर लगेच काढला होता. चहा संपायच्या आत."

"मग रोज 'बघतो, बघतो' काय चाललं होतं?"

"खरं सांगितलं असतं तर तुमचा फोन आला असता?"

"म्हणजे माझी मजा बघत होतात! आणि आता निघून जाणार... जा ना मग!" माझे डोळे भरून आले. काकू आकडेमोड थांबवून उघड उघड ऐकत होत्या.

"जायला तर लागेलच," तो म्हणाला. "पण दर रविवारी येईन. फक्त... कुणासाठी यायचं, ते कळायला हवं."

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "टेबलावर डोकं आपटलंत ना, तेव्हापासून आवडता तुम्ही मला."

इतका वेळ ऐटीत बसलेला तो कानापर्यंत लाल झाला. लॅपटॉप बंद करायचं सोडून वायरीशीच खेळत बसला. "मग मी एवढे दिवस घाबरत काय होतो?" एवढंच कसंबसं म्हणाला.

सोमवारी सकाळी काकूंच्या देखतच मी नऊ दाबला आणि त्याचा नंबर फिरवला.

"बोला," तो हसत म्हणाला. "टेलरकाका हवे होते का?"

"नाही," मी म्हणाले. "तूच हवा होतास."