आतल्या बाजूला घातलेलं घड्याळ

डोळ्यांच्या डॉक्टरांना व्यसन एकच, आणि तेही बिनधुराचं: मनगटावरची जुनी स्केलेटन घड्याळं. या घड्याळांना तबकडी नसते. आतलं यंत्र कोरून कोरून नुसत्या बारीक पट्ट्या उरवलेल्या, चाकं न् स्प्रिंग उघड्यावर, पुढून काच, मागून काच. घड्याळातून आरपार दिसतं. बायको म्हणायची, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावता, संध्याकाळी घड्याळांच्या पोटात. माझ्याकडे बघायला तिसरी पाळी लावा. डॉक्टर हसून वेळ मारून नेत.

त्या दुपारी ते एका म्हाताऱ्या बाईंकडे गेले होते. बाई त्यांच्या जुन्या पेशंट. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, तरी त्यांची नजर गेली ती गेलीच, आणि ते डॉक्टरांना अजून खुपत होतं. आता बाईंनी नवऱ्याचं घड्याळ बघायला बोलावलं होतं. पडदे ओढलेली खोली, लाकडाच्या पॉलिशचा शिळा वास, आणि टेबलावर मखमलीची डबी.

डबी उघडली आणि डॉक्टर तिच्यावर वाकले. इतकं नाजूक काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. नेहमीच्या सवयीने त्यांनी खिशातला पांढरा कागद पसरून घड्याळ त्यावर ठेवलं. पांढऱ्यावर कोरीव काम उठून दिसतं. पण चाकांच्या मागे पांढरं काही नव्हतंच. तिथे कातडी होती. सावळी, सुरकुतलेली, अर्धगोल व्रण असलेली. व्रणाशेजारी नाडी उडत होती.

त्यांनी घड्याळ उचललं. खाली कोरा कागद. काचेत मनगट तसंच.

“दिसले ना?” बाई हळूच म्हणाल्या. “ते आतल्या बाजूला घालायचे, नाडीवर. ते गेल्यापासून मी रोज बघत होते… आता मला दिसत नाही. सकाळी चावी द्यायची आणि कुणीतरी बघायचं, एवढंच हवंय. तुमच्याइतकं निरखून कोण बघेल?”

डॉक्टरांना भीती वाटली, पण नवल त्याहून मोठं होतं. त्यांनी मान डोलावली, मग बाईंना दिसत नाही हे आठवून हो म्हणाले.

“फक्त घालू नका, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “ती जागा रिकामी नाही.”

दवाखाना उघडण्याआधी दार लावून ते रोज चावी देत आणि बघत बसत. थंडीच्या सकाळी त्या कातडीवर शहारा उठायचा. इतकी वर्षं डॉक्टरकी करून आपल्याला माणसातलं काही कळलेलं नाही, असं त्यांना तेव्हा वाटे, आणि त्याचं वाईट वाटत नसे.

मग घड्याळ मागे पडू लागलं. त्याबरोबर नाडीही मंदावली. चावी पुरी दिली तरी दोन ठोक्यांमधली शांतता लांबतच चालली. आता डॉक्टर घाबरले. बाईंची नजर आपल्या हातून गेली, निदान हे तरी जायला नको. घड्याळं जमवणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक असते: पडून राहिलेलं जुनं घड्याळ मनगटाच्या उबेने ताळ्यावर येतं. तो एकच उपाय त्यांना सुचला, आणि बाईंचा शब्द मोडून त्यांनी घड्याळ हातावर बांधलं. आतल्या बाजूला.

बर्फासारखं गार लागलं, हळूहळू कोमट झालं. टिकटिक सुधारली. त्यांनी ते काढलं आणि कागदावर ठेवलं.

चाकांच्या मागे कोरा, पांढरा कागद होता.

त्यांनी काच पुसली, चावी दिली, घड्याळ उलटं केलं. कागद. आणि मग नजर स्वतःच्या मनगटाकडे गेली. तिथे अर्धगोल व्रण होता…

ते तसेच बाईंकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, पण “बाई, माझ्या हातून…” एवढंच निघालं. बाईंनी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केलं. चाचपडत त्यांचा हात धरला. अंगठा मनगटावरून सरकत व्रणापाशी आला आणि थांबला.

“आलात…?” त्या म्हणाल्या. “किती वेळ लावलात.”

डॉक्टरांना खरं सांगायचं होतं. हात सोडवायचा होता. पण बोटं सावकाश मिटली आणि बाईंच्या हाताभोवती घट्ट झाली. डॉक्टर त्या बोटांकडे बघत राहिले. त्यांनी ती हलवली नव्हती.