विश्रांतीच्या तासाची टकटक

दिवा राहू दे तसाच. सांगते, पण मध्येच कुणी 'छे, काहीतरीच' म्हणालं तर उठून जाईन.

मुलींच्या उन्हाळी शिबिरात मी वसतिगृहाची ताई म्हणून लागले होते. काम साधंच. पोरींना उठवायचं, ओले टॉवेल उचलायला लावायचे, भांडणं सोडवायची, आणि दुपारी विश्रांतीच्या तासाला सगळ्या आपापल्या खोलीत आहेत ना, ते बघायचं. दार उघडायचं नाही. वयात आलेल्या मुली, त्यांनाही आडोसा हवा. आपण बाहेरून टकटक करायची. आतून एकदा टकटक आली की 'मी आहे, बरी आहे' असं समजून पुढे जायचं.

ही पद्धत मोठ्या बाईंची, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुखांची. आदल्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण याच तासात, कोपऱ्यातल्या खोलीत, दम्यानं गेली. तिचा पंप बाईंच्या कपाटात होता. औषधं मुलींजवळ ठेवायची नाहीत असा नियम. बाईंनी आईला सांगितलं, "मी टकटक केली, तिनं उत्तर दिलं. बरं नव्हतं तर बोलवायचं होतं मला." तेव्हापासून आई स्वतःलाच दोष देत बसायची. "मीच लाजाळू वाढवली गं तिला," एवढंच म्हणायची.

मला ते पटलंच नव्हतं. बाईंच्या तोंडून खरं काढायचं आणि आईच्या कानावर घालायचं, एवढ्यासाठी मी तिथं गेले. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, त्यामुळे बाईंना पत्ताच लागला नाही. माझ्याशी इतकं गोड बोलायच्या की अंगाचा तिळपापड व्हायचा. वाटायचं, गळाच धरावा.

त्या दुपारी वीज गेली होती. पडदे ओढलेले, कॉरिडॉरमध्ये अंधार आणि फिनेलचा वास. फेरीला बाईही माझ्याबरोबर होत्या. सगळ्या दारांतून उत्तरं आली. कोपऱ्यातली खोली त्या वर्षी बंदच ठेवलेली, बाहेरून कडी लावलेली. आम्ही तिथून परत वळलो...

आतून टकटक आली. मग पुन्हा. मग घाईघाईनं, सारखी.

"कोण आहे गं आत? हा काय चावटपणा?" बाईंनी कडी काढली आणि तरातरा आत गेल्या. त्यांच्या मागे दार लागलं. वारा म्हणाल, तर पडदासुद्धा हलला नव्हता.

थोड्या वेळानं आतून बाईच दार ठोकू लागल्या.

"ताई... दार उघड... श्वास... श्वास घेता येत नाहीये..."

मी दार ढकललं, हललं नाही. आणखी जोर लावता आला असता. पण मी हात काढून घेतला. हो, काढला! ठोक म्हटलं, अजून ठोक.

तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी बाईंच्याच ठसक्यात ओरडलं, "एकदा पुरे! सारखं काय ठोकतेस?"

ठसका बाईंचा, पण आवाज माझ्या धाकटीचा.

आतलं ठोकणं थांबलं. मग बाई रडत रडत बोलू लागल्या. "ऐकलं होतं मी... ती ठोकत होती... सारखी ठोकत होती. मला वाटलं मस्करी करतेय... असंच ओरडले आणि पुढे गेले..."

दार आपोआप उघडलं. बाई जमिनीवर पडल्या होत्या, ओठ निळे झालेले. दया आली नाही मला. मी आईला फोन लावला आणि त्यांच्या तोंडापाशी धरला. "आता हेच माझ्या आईला सांगा," म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि धापा टाकत सगळं सांगितलं. मग मी फोन घेतला. आई खूप रडली.

"म्हणजे बोलावलं होतं तिनं..."

"हो आई. तुझं काहीही चुकलं नव्हतं."

आई हळूच म्हणाली, "तिला म्हणावं, आता घरी ये."

"कुणाला?"

"अगं, तुझ्याजवळच तर बोलतेय ती... मला ऐकू येतंय ना."

"काय... काय म्हणतेय?"

"बाईंना घेऊनच येते म्हणतेय."

मी वळून पाहिलं. बाई उठून बसल्या होत्या. दम लागलेला नव्हता, रडणंही नव्हतं. मान खाली घालून त्या पायात चपला घालत होत्या.