हॉर्न तेवढा राहिलाय

रविवारी सकाळचा चहा झाला की आनंद जुना शर्ट चढवायचा, पोर्चमध्ये सतरंजी अंथरायचा आणि जीपखाली शिरायचा. बाकीचे दिवस तो हिंजवडीत संगणकासमोर बसून अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीची कामं करी. ती संपली तरी हाताला काही लागलेलं नसे. जीपचं तसं नव्हतं. जेवायला बसताना नखांत काळं दिसलं की त्याला बरं वाटायचं.

"साबण लावतोस की नुसता दाखवतोस?" त्याची बायको ऋतुजा विचारायची.

जुन्या जीप पाळणारे त्याच्यासारखे आणखी काही जण पुण्यात होते. त्यांचा एक अलिखित नियम होता : गाडी घरीच उघडायची, स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची. गॅरेजात टाकली असं कुणी म्हणालं तर बाकीचे त्याच्याकडे करुणेनं बघत. आनंदला या नादाला लावलं ते त्याच्या कॉलेजच्या मित्रानं, शंभूनं. शंभूची जीप सहकारनगरात उभी असे आणि त्याची जीभ सदैव चालू असे.

आनंदची जीप धायरीची. सुखदेव नावाच्या शेतकऱ्यानं ती विकायला काढली होती. रस्त्याकडेची जमीन बिल्डरला दिलेली, अंगणात मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या. गोठ्याबरोबर जीपही हलवायची होती. चिंचेखाली बाजेवर सुखदेवचे वडील रावसाहेब पडलेले असत. त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, डावा हात तेवढा जरा हलायचा. चाळीस वर्षं जीप त्यांनीच वापरली आणि त्यांनीच सांभाळली होती.

"वडिलांना सांगितलंय ना?" आनंदनं हळूच विचारलं होतं.

"त्यांना काय सांगायचं," म्हणत सुखदेव खुंट्यांकडे बघायला लागला. त्यांना सांगितलेलं नाही, हे आनंदला तिथंच कळलं.

जीप सुरू झाली तशी म्हाताऱ्यानं मान वळवली. "कुठं नेताय?"

सुखदेव फाटक उघडायला गेला. म्हाताऱ्याचे डोळे आनंदवर येऊन थांबले. आनंद भिडस्त माणूस. आपण लहान मुलांशी आणि म्हाताऱ्यांशी बोलतो, त्या मऊ आवाजात तो म्हणाला, "दुरुस्तीला नेतोय, आजोबा. दुरुस्त झाली की आणून देतो."

"बरं. हॉर्न वाजत न्हाय तिचा. तेवढा बघा."

"हो हो. तोही बघतो."

दारात रावसाहेबांची बायको, कौशल्याबाई, उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती आनंदकडे बघत राहिली आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यानं आनंदचे कान तापले. पण जीप फाटकातून बाहेर पडली, हातात ते मोठं पातळ स्टेअरिंग आलं, आणि सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत तो शीळ घालत होता.

घरी बॉनेट उघडलं तर आत जिकडेतिकडे पांढऱ्या चिंध्या. जिथं वायर तुटली तिथं रावसाहेबांनी धोतराची पट्टी गुंडाळून गाठ मारली होती. जू बांधताना मारतात तशी घट्ट गाठ, शेपूट आत खुपसलेलं.

शंभू वाकून बघत म्हणाला, "जीप आणलीस की ससूनमधला पेशंट?"

आनंद पोट धरून हसला. दोघांनी मिळून सगळ्या गाठी कापल्या, टेप लावली आणि चिंध्या कचऱ्यात टाकल्या.

दोन उन्हाळे गेले, दुसरा पाऊसही निम्मा सरला. ब्रेक झाले, स्प्रिंगचे पाटे झाले, कार्बुरेटर धुऊन बसला. श्रावणात जीप एका हाकेला सुरू व्हायला लागली. राहिला तो हॉर्न. काम मिनिटभराचं, एक वायर जोडायची. पण आनंद ती जोडेना. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. दुरुस्त झाली की आणून देतो, असं तो म्हणाला होता. हॉर्न राहिलाय तोवर जीप दुरुस्त झालेली नाही. आणि जीप दुरुस्त झालेली नाही तोवर आपण त्या माणसाशी खोटं बोललेलो नाही. हा हिशेब किती हलका आहे ते त्याला कळत होतं. म्हणून तो मनातल्या मनातही भराभर मांडून मिटवून टाकायचा.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. ऑफिसातून आल्यावर सवयीनं बॉनेट वर केलं तर हॉर्नची वायर जोडलेली. वर पांढरी पट्टी. शेपूट आत.

आपल्याच नजरेतून एखादी गाठ सुटली असेल, असं म्हणून त्यानं ती कापली. चार दिवसांनी ती पुन्हा होती. पट्टी धुतलेली, नीळ दिलेली.

त्यानं शंभूला फोन लावला.

"पेट्रोल जाळून कर्वेनगरला यायचं आणि तुझ्या गाडीला मलमपट्टी करून परत जायचं," शंभू म्हणाला, "इतका रिकामा मी तुला कधीपासून वाटायला लागलो?"

रात्री जेवताना आनंदनं ऋतुजाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कुणी आलं होतं?"

"तूच आला होतास ना लवकर? पोर्चमध्ये खुडबुड चालली होती. चहा टाकू का, म्हणून मी आतूनच विचारलं."

"मग?"

"'नको' म्हणालास. घसा बसल्यासारखा वाटला तुझा."

आनंदनं पुढचा घास घेतला. आपण दिवसभर हिंजवडीत होतो, हे त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटणच त्यानं काढलं. काळं, रुपयाएवढं, वापरून गुळगुळीत झालेलं. ते त्यानं ऑफिसात नेऊन टेबलाच्या खणात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. बटण नाही तर हॉर्न नाही.

खंडेनवमीला त्यानं वडिलांच्या पद्धतीप्रमाणे सगळी हत्यारं पुसली. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, जॅक; जीपसमोर पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. वडील तर त्या दिवशी घरात खिळासुद्धा ठोकू देत नसत.

दसऱ्याच्या सकाळी आंब्याचं तोरण बांधायला तो पोर्चमध्ये आला. पाटावरचा झेंडू बाजूला सरकलेला होता. एका पान्यावरचं कुंकू आणि ग्रीस एकत्र माखलं होतं आणि त्यात बोटं उमटली होती. आनंदनं आपला उजवा हात जवळ नेऊन बघितला, जुळेना. डावा नेला, तो जुळला.

वायरवर नवी गाठ होती. या पट्टीला धोतराचा तांबडा काठ होता.

स्टेअरिंगच्या मधलं भोक रिकामंच होतं. पण त्याच्याभोवतीची धूळ पुसली गेली होती. सीट उचलून ठेवलेली, कप्पा उघडा, पायाखालचं रबर दुमडलेलं. कुणीतरी काहीतरी शोधत होतं. न चिडता, एकेक जागा बघत.

आनंदनं मग ऋतुजाला सगळं सांगितलं. ती घाबरेल असं त्याला वाटलं होतं. ती घाबरली नाही. कणीक भरल्या हातानं ती त्याच्याकडे बघत राहिली.

"अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तू असं सांगितलंस?"

"तेव्हा काहीतरी बोलणं भाग होतं."

"देऊन टाक."

"अगं, विकत घेतलीय आपण."

"विकत घेतलीस की नाही, ते मी विचारलं नाही," ती म्हणाली आणि पुरी लाटायला वळली.

पुढच्या रविवारी तो जीप घेऊन निघाला. ती परत करायची, असं त्यानं खरोखर ठरवलं होतं. पण सकाळचं ऊन बॉनेटवर पडलं होतं, इंजिन एका लयीत चाललं होतं, सिग्नलला स्कूटरवरचा एक माणूस "काय ठेवलीय हो!" म्हणाला, आणि वडगावचा पूल येईपर्यंत आनंदचं मन दहा वेळा मागं फिरलं. या हातांनी आयुष्यात दुसरं काय केलं होतं?

धायरीत चिंच नव्हती. त्या जागी पिवळी इमारत होती. तिच्या पार्किंगमध्ये जीप लावून, किल्ली खिशात टाकून तो दुसऱ्या मजल्यावर, बिल्डरनं सुखदेवला दिलेल्या फ्लॅटवर गेला. कौशल्याबाईनं दार उघडलं आणि त्याला लगेच ओळखलं.

"या. सुखदेव घरी न्हाय."

आतल्या खोलीत, खिडकीजवळ, रावसाहेब पलंगावर होते. फार वाळले होते. अंगावर धोतराऐवजी चादर होती.

"धोतर नेसवायचं सोडलं बघा," कौशल्याबाई म्हणाली. "काठ फाडत्यात. कूस बदलता येत न्हाय, पण रोज एक पट्टी कमी. फाडलेली मला सापडत बी न्हाय." ती अवघडून हसली. "आन् दसऱ्यापासनं ही मूठ. कशानं उघडंना. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडल्यात."

डावी मूठ चादरीवर होती. नखांच्या कडा काळ्या होत्या.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. नजर आनंदवर येऊन थांबली, चिंचेखाली थांबली होती तशीच.

"झाली का दुरुस्त?"

हो म्हणायचं होतं. ते एकच अक्षर तोंडात घेऊन आनंद उभा होता. खिशात किल्ली मांडीला लागत होती.

"थोडी राहिलीय, आजोबा," त्याच मऊ आवाजात तो म्हणाला. "हॉर्न तेवढा राहिलाय."

कौशल्याबाईनं त्याच्याकडे बघितलं. यावेळी तिनं तोंडाला पदर लावला नाही.

रावसाहेबांनी मान हलवली. रागानं नाही. कामाचं एखादं बोलणं ऐकून घ्यावं तशी.

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आपण जिना कसा उतरलो ते आनंदला कळलं नाही. शरमेनं मानेमागं घाम आला होता. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. जीप जिथं लावली होती तिथंच, तशीच होती.

तो चढून बसला. किल्ली लावायला वाकला.

स्टेअरिंगच्या मधोमध बटण होतं.

काळं. रुपयाएवढं. गुळगुळीत.

त्यानं जुडगा बघितला. ऑफिसच्या खणाची किल्ली त्यात होती.

पार्किंगमध्ये सावली होती, जीपचा पत्रा गार पडला होता. त्यानं बटणाला नुसतं बोट लावलं, दाबलं नाही. ते गरम होतं. कितीतरी दिवस कुणीतरी हातात धरून ठेवावं तसं गरम, आणि किंचित ओलं.

वर गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"अहो," कौशल्याबाई वाकून हाक मारत होती, "जाऊ नका, थांबा. मूठ सुटली बघा त्यांची."

आनंदला मान वर करवेना.

"रिकामीच हाय," ती म्हणाली.