रिलीव्हर

भिलाईजवळच्या जामुलच्या रक्तदान शिबिरात मी बाही वर सारून खाटेवर आडवी झाले होते, तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणीतरी धपकन येऊन पडलं. मी मान वळवली. भिलाईच्या स्टील प्लांटचे काळे बूट, त्यांवर जामुलच्या सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ, कपाळावर हेल्मेटचा लाल वळ... आणि डोळे मिटून चक्क झोपायची तयारी.

आमच्या सोबती सेवा क्लबच्या अध्यक्ष सिंधुताई दोन कार्डं हातात घेऊन आल्या. आयुष्यभर नर्स होत्या त्या, आवाजात अजून वॉर्ड होता.

"माय गं! अख्ख्या क्लबात एक ओ निगेटिव्ह नव्हता, अन् आज दोन-दोन! पण आज एकाचंच घेईन मी. दुसऱ्याले ठेवीन."

"ठेवीन म्हणजे?" त्यानं एक डोळा उघडला. "फ्रिजमध्ये का?"

मला हसू आलं. ते दाबायला गेले तर जास्तच आलं.

"माझंच घ्या ताई," तो म्हणाला. "सकाळची ए शिफ्ट करून डायरेक्ट आलो. जाम भूक लागली, मले बिस्किटं पाहिजे."

"मी अगोदर आली," मी म्हटलं. "लाइनीत ये."

"अच्छा! नाव काय मॅडमचं?"

"करिष्मा. अन् लाइन मागून सुरू होते."

सिंधुताईंनी माझं घेतलं. तो बिचारा उठून बाकावर बसला, पण गेला नाही. मला कॉफी आणि दोन बिस्किटपुडे मिळाले. त्यातला एक मी त्याच्याकडे सरकवला. का सरकवला ते तेव्हा मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, दया आली. नाव धम्मपाल. रक्ताचा थेंब न देता बिस्किटं खाल्लेला आमच्या क्लबातला तो एकमेव सदस्य.

आता आमच्या क्लबाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. सोबतीमधले निम्मे लोक प्लांटमधले, उरलेले प्लांटमधून रिटायर झालेले. प्लांटचा एक नियम त्यांच्या हाडात मुरलाय. आपल्या जागेवर पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरी लग्न असो की ताप असो. हाच नियम त्यांनी रक्तदात्यांच्या यादीला लावला. दुर्मीळ गटाच्या दोघांपैकी एक जण कायम गावात हवा. एकानं रक्त दिलं की त्याला तीन-चार महिने सुट्टी आणि तेवढे दिवस दुसऱ्यानं हलायचं नाही. एरवी बाहेरगावी जायचं असेल तर भिलाईतल्या सुपेला भागात क्लबची खोली आहे, तिथं येऊन रजिस्टरमध्ये सही करायची. एकानं चार्ज द्यायचा, दुसऱ्यानं घ्यायचा, समोरासमोर.

म्हणजे धम्मपाल माझा रिलीव्हर झाला आणि मी त्याची.

ज्यांनी कुणी हा नियम केला त्यांना आशीर्वाद द्यावेत की बोटं मोडावीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण त्या सह्यांसाठीच आम्ही भेटायचो.

"कुठं चालली?"

"नागपूर. मामेबहिणीचं लग्न."

"किती दिवस?"

"तीन."

"तीन!" तो पेन खाली ठेवायचा. "दोनचं बनव ना. मी चार्ज नाही घेत तीन दिवसांचा."

"कावून? जीवावर येते का?"

"हाव ना. येते."

मग हळूच सही करायचा आणि मी जिन्यावरून उतरेपर्यंत खिडकीत उभा राहायचा. मला कसं माहीत? मी वळून पाहायचे ना!

भिलाईत आम्ही पुष्कळदा एकत्र असायचो. कॅम्प-दोनच्या वस्तीत मोतीबिंदूच्या तपासणीला म्हाताऱ्यांच्या रांगा लावल्या, थंडीत पॉवर हाऊस स्टेशनबाहेर ब्लँकेटं वाटली, विहाराच्या मागे कडुलिंबाची रोपं लावली. प्रत्येक वेळी आजूबाजूला क्लबचे वीस जण. आणि क्लबची सहल निघाली की दोघांपैकी एकाचाच नंबर. पहिल्या वर्षी सगळे सिरपूरला गेले, तो गेला आणि मी राहिले. तिथल्या जुन्या विहाराच्या विटांचे त्यानं मला चाळीस फोटो पाठवले. एकातही तो नव्हता. मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "तू नव्हती, म्हणून मी बी नाही काढला."

दुसऱ्या वर्षी मी गेले. महानदीच्या वाळूत पाय सोडून बसले आणि दिवसभर एकच विचार केला... हा इथे असता तर. गंमत आहे की नाही? भिलाईत असले की सिरपूर आठवायचं आणि सिरपुरात भिलाई. प्रेम झालंय हे मला त्या वाळूत समजलं. त्याला सांगायचं मात्र राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करत महिने गेले.

मग जानेवारीत तो पेढे घेऊन आला.

"रेल्वेत झालं माझं. असिस्टंट लोको पायलट. तिसऱ्या ट्रायमध्ये!" त्याचा चेहरा असा काही फुलला होता की मलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. "पोस्टिंग इटारसी. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला जॉइनिंग."

मी उरलेला पेढा खोक्यात परत ठेवला. "इटारसी... म्हणजे एमपी?"

"हाव. नागपूरच्याबी पुढं." मग थोडं थांबून, रजिस्टरकडे बघत तो म्हणाला, "पण रिलीव्हर नाही मिळाला तर जाता नाही येणार मले. नियम आहे ना बाप्पा."

तो हसत बोलला होता. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आले. जेवताना, कपडे वाळत घालताना, बसमध्ये, सतत तेच डोक्यात... रिलीव्हर नाही मिळाला तर!

सिंधुताई तिसरा ओ निगेटिव्ह शोधायला लागल्या. भिलाई-तीनमध्ये शिबिर झालं, एकही नाही. मग रविवारी जवळच्या अहिवारा गावात. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला, म्हणून रक्तगट तपासायचं टेबल माझ्याकडे. काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब, प्रत्येकात वेगळं औषध. गुठळी धरली तर एक गट, नाही धरली तर दुसरा. दीडशे लोक झाले आणि मी मनातल्या मनात नको, नको म्हणत होते. कुणाचं रक्त तपासताना असं नको म्हणणारी टेक्निशियन तुम्ही पाहिलीत का कधी?

दुपारी एक बाई आली. चाळिशीची, चुनखडीच्या खाणीवर काम करणारी, हातांच्या रेषांतही चुना.

"नाव सांगा मावशी."

"शकुबाई. जल्दी कर वं पोरी, टेम्पो निघून जाईन माहा."

मी थेंब टाकले, हलवले, थांबले. पहिल्यात गुठळी नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यातही नाही... तिन्ही थेंब तळहातावरच्या तेलासारखे गुळगुळीत. म्हणजे ओ निगेटिव्ह.

"काय निघालं?" शकुबाईंनी विचारलं.

"नंतर... नंतर कळवते," मी म्हटलं. त्यांचा फोन नंबर कार्डावर लिहून घेतला, सिंधुताईंकडे चोरून पाहिलं, आणि ते कार्ड डब्यात न टाकता माझ्या पर्समध्ये टाकलं.

आतापर्यंत मी स्वतःला बरी मुलगी समजत होते. त्या दिवसापासून पर्स खांद्यावर घेतली की ती जड लागायची.

बुधवारी संध्याकाळी धम्मपालनं क्लबच्या खोलीवर बोलावलं. हातात एक लिहिलेला कागद.

"हे वाच जरा. अर्ज आहे. रेल्वेकडे जॉइनिंगसाठी दोन महिन्यांची मुदत मागून राहिलो."

"मुदत? अन् नाही दिली तर?"

"तर यादीतून नाव कटते. पुढच्यावाल्याले लागते नोकरी." त्यानं खांदे उडवले. "काय करू? तुले एकटीले इथं अडकवून जाऊ का? ना कुठं जाता येणार तुले, ना..."

"बाबांना सांगितलं?"

"नाही. बाबा रोज मोहल्ल्यात सांगत फिरते, माहा पोरगा इंजन चालवणार." तो हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही.

तीन वेळा परीक्षा दिलेला मुलगा. ए शिफ्ट करून, पाय थंड पाण्याच्या बादलीत सोडून अभ्यास करायचा, झोप येऊ नये म्हणून. आणि मी त्याची नोकरी पर्समध्ये घेऊन फिरत होते! मी पर्स उघडली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

त्यानं वाचलं. मग तारीख वाचली.

"रविवारचं आहे हे."

"हाव."

"तीन दिवस झाले, करिष्मा. हे डब्यात कावून नाही टाकलं?"

"तू जाऊ नये म्हणून."

सांगून टाकलं. इतके महिने जे ओठांवर येऊन परत जात होतं, ते असं निघालं, चोरी पकडली गेल्यावर.

त्यानं कार्ड उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. खाली सुपेल्याच्या बाजारात भाजीवाल्या ओरडत होत्या, त्यांचे भावसुद्धा मला नीट ऐकू येत होते.

"कोणाले लागलं असतं तर?" शेवटी तो म्हणाला. "एका वेळी दोघांले लागलं असतं तर? मले पुन्हा रक्त देता यायले अजून दोन महिने बाकी आहेत. तुझ्याकडून एकाले देता आलं असतं. दुसरा?"

मी मान खाली घातली. डोळे भरून आले होते. "माहीत आहे. चूक झाली माझी. ताईलेबी मीच सांगते."

"रडू नको... अरे यार, रडू नको ना." तो उठला, माझ्या खुर्चीजवळ आला, हात पुढे केला आणि मागे घेतला. "माहं बी काही खरं नाही. ताईनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तू जा, आम्ही पाहून घेऊ, नियम माणसासाठी असते. मीच म्हटलं, नाही, नियम म्हणजे नियम. मलेबी बहाणाच पाहिजे होता, करिष्मा. तुले सोडून जायची हिंमत नव्हती अन् तसं म्हणायचीबी नव्हती."

मी वर पाहिलं. त्याच्या कपाळावर हेल्मेटचा तो वळ होताच. त्यावर बोट फिरवावंसं वाटलं... आणि मी फिरवलं.

तो अर्ज आम्ही फाडला.

सिंधुताईंनी माझी अशी काही खरडपट्टी काढली की शेजारच्या टेलरची शिलाई मशीन बंद पडली. शिक्षा म्हणून मलाच अहिवाऱ्याला पाठवलं, शकुबाईंना समजावून, सगळा नियम सांगून, सहीसाठी घेऊन यायला. शकुबाईंनी नियम शांतपणे ऐकला.

"म्हणजे मी हाओ तवर तुमी दोघं कुटंबी जाऊ शकता?"

"मी नाही मावशी. तो चालला."

"अन् तू कावून नाही? मी का अर्धी हाओ?"

मी बसमध्ये त्यांच्याशेजारी बसले होते आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवस मी त्या कार्डाकडे एकाच बाजूनं पाहत होते. त्याची सुटका झाली, एवढंच मला दिसलं होतं. माझीही झाली होती! दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच वेळी भिलाईबाहेर असू शकत होतो.

अठरा तारखेला शकुबाईंनी मोठ्या अक्षरांत, जीभ दाताखाली धरून चार्ज घेतला. एकाखाली एक आमच्या दोघांच्या सह्या. मी घरी सांगितलं, गोंदियाला मावशीकडे जातेय. ते खोटं नव्हतंच. गोंदियाला मावशी आहेच माझी. इटारसीची वाटही गोंदियावरूनच जाते, त्याला मी काय करणार?

दुर्गहून सकाळची गाडी. त्याचे आई-बाबा, अर्धा क्लब, हार, डब्यांच्या पिशव्या. गाडी हलल्यावर तो समोरच्या बाकावर येऊन बसला. दोन वर्षं बडबड करणारे आम्ही, आणि राजनांदगाव आलं तरी शब्द नाही. डोंगरगडला त्यानं पेरू घेतले. एक मला दिला.

"मीठ लावू?"

"हाव."

मग जंगल सुरू झालं. पळसाला तुरळक फुलं आली होती. दरेकसाच्या बोगद्यात गाडी शिरली, अंधार झाला आणि त्यानं माझा हात धरला. बोगदा संपला, उजेड आला, समोरच्या आजी टक लावून बघत होत्या. त्यानं हात सोडला नाही. मीही नाही.

"दीड वर्ष लागन," तो म्हणाला. "ट्रेनिंग, मग बदलीचा अर्ज. दुर्ग नाही मिळालं तर जास्तबी लागू शकते."

"लागू दे."

"तुझ्या घरी पाहुणे येतीन तवर. नागपूरचे, चांगल्या नोकरीवाले."

"येऊ दे."

"अन् तू काय सांगशील?"

खिडकीतून आमगाव मागे गेलं. पुढचं स्टेशन गोंदिया. मला वाटलं, गाडीनं इथंच कुठंतरी सिग्नलला थांबावं, तास-दोन तास, कुणाचंच काही बिघडलं नसतं.

"मी सांगीन, माझं ठरलं आहे. मुलगा इंजन चालवते. आता चुपचाप बस."

गोंदियाला गाडी पाच मिनिटं थांबली. मी उतरले, तो दारात उभा राहिला. त्यानं बरंच काही सांगायचं ठरवलेलं दिसत होतं, पण एवढंच म्हणाला, "जेवत जा बरोबर. तुझं वजन कमी भरलं तर रक्त घेत नाहीत." मी हो म्हटलं. गाडी सुटली, तो दारातून वाकून बघत राहिला. शेवटचा डबा वळणाआड गेला तेव्हा मला इतकं एकटं वाटलं, जितकं आजवर कधीच वाटलं नव्हतं, आणि तरी मी हसत होते, गाल ओले करून. मावशीचा तिसऱ्यांदा फोन आला, कुठे आहेस म्हणून. मी म्हटलं, "इथंच आहे गं, येते. जरा वेळ थांबते इथं."