दोन दुर्बिणी आणि एक दरी

डोंगरमाथ्यावरच्या चौकीत चार महिने एकटीनं राहून जंगलात कुठे धूर उठतो का हे पाहायचं, तर हाताशी भरवशाची दुर्बीण हवी. ती पारखायलाच पहारेकरीण आणि तिचा धाकटा दीर सकाळी डोंगर चढून चौकीत आले. सात वर्षं ही नोकरी नवरा-बायकोनं जोडीनं केली होती. गेल्या हिवाळ्यात नवरा गेला. त्याची जुनी दुर्बीण कधीतरी आपटली होती, तिच्यातून आता एकाची दोन झाडं दिसत.

दुकानदारानं दोन दुर्बिणी पारखायला दिल्या होत्या. एक बारा पट मोठं दाखवणारी, जाडजूड. दुसरी आठ पट, बेताची. दुकानाच्या दारातून समोरची पाटी वाचली की सगळ्याच चांगल्या वाटतात, जिथे काम करायचं तिथे नेऊन बघा, असं त्यानं बजावलं होतं. दिराचा निकाल मात्र आधीच लागला होता. आठापेक्षा बारा मोठे, त्यात पाहायचंय काय!

तरी तो दरी उतरून पलीकडच्या कड्यावर गेला. तो बोटं दाखवणार, ती मोजणार आणि तितक्या वेळा लाल फडकं हलवणार, असं ठरलं होतं. त्याला पोचायला दुपार कलली. आभाळ भरून आलं, उजेड मंदावला.

तिनं मोठी दुर्बीण लावली. वजनानं हात भरून आले आणि चित्र नाचू लागलं. तिच्या चष्म्यामुळे डोळा काचेला भिडत नव्हता, त्यामुळे तर किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं वाटत होतं. बोटं तीन की चार?

तेवढ्यात कड्याची कड ढासळली! दीर नाहीसा झाला!

ती वेड्यासारखी शोधू लागली. खडक. खडक. नुसता खडक! तिनं ती दुर्बीण टाकली, दुसरी उचलली, तिच्या रबरी कडा दुमडून चष्म्याला टेकवली. अख्खा कडा एकदम समोर आला, करडा पण स्वच्छ.

तो बघा! हातभर कपारीवर तो पालथा पडला होता, मान तिच्याकडे वळवून. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज पोचत नव्हता. इतका जवळ दिसणारा माणूस आणि आपण इथे एकट्या, या विचारानं तिला रडू कोसळलं. पण तो सरकत होता भलत्याच बाजूला, जिथे कपार संपत होती!

तिनं फडकं उलट्या बाजूला, कपारीच्या दुसऱ्या टोकाला एक वाळकं झाड होतं तिकडे, जोरजोरात हलवलं. त्याला दिसलं. तो थांबला. वळला. झाडाजवळ एक घळ वर पायवाटेला भिडत होती. एक हात. एक गुडघा. दगड सुटला! पुन्हा हात. शेवटी तो पायवाटेवर आडवा झाला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

अंधार पडायच्या आत तो चौकीत परतला. कोपरं सोलवटली होती. औषध लावताना तिनं सांगितलं, आठवाली ठेवतेय, दुसरी परत न्या. त्यानं मुकाट्यानं मान हलवली.

"भावोजी, तिथून मला हाका मारत होतात ना?"

"नाही, वहिनी." तो खाली बघत म्हणाला. "दादाला मारत होतो."

पट्टी बांधता बांधता तिचे हात थांबले.

"मीही त्यांनाच हाका मारत होते," ती म्हणाली.

उद्या सकाळी तो खाली उतरणार होता.