लाळेऱ्यावरचा हिरवा डाग

"बाळाचं लाळेरं पळवून आणलंय," ठेंगू धापा टाकत म्हणाला. "बघ लवकर. पाळणाघराच्या बाई आईला उद्यापासून येऊ नका म्हणाल्यात."

ठेंगूची आई पाळणाघरात स्वयंपाक करायची. काल दुपारी एका बाळाचे ओठ टम्म सुजले आणि खापर फुटलं ते तिच्या भातावर.

चष्मी सुट्टीला मामाकडे आली होती. मामाची रोपवाटिका होती. पाळणाघरातल्या कुंड्याही त्याच्याच. सूक्ष्मदर्शकातून पानं बघायला तिला त्यानेच शिकवलं होतं. "एकेक पेशी म्हणजे एकेक खोली," तो म्हणायचा. "कुणाच्या खोलीत काय दडलंय, डोकावल्याशिवाय कळत नाही."

तिने लाळेऱ्यावरचा डाग खरवडला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

सुया. काचेसारख्या, बारीक, जुडीच्या जुडी.

"भातात सुया?" ठेंगूचा चेहरा उतरला.

"भातात कशाला असतील, बावळटा? हे स्फटिक. काही झाडांच्या पेशींत असतात. पान चावलं की तोंडात टोचतात. बाळाने झाड खाल्लंय."

"पण तुझा मामा तर सगळ्यांसमोर म्हणाला, तसलं झाड तिथे ठेवलंच नव्हतं."

"मग नसेल. मामा खोटं नाही बोलत."

तरी दोघं रोपवाटिकेत शिरली. खताच्या पोत्यांमागे, गोणपाटाखाली एक कुंडी निघाली. तिच्यावर मामाच्याच अक्षरात 'पाळणाघर' रंगवलेलं. ठिपक्याठिपक्यांचं रुंद पान, आणि पानाच्या कडेला चार इवल्या दातांचे ठसे.

राखायला लावलेलं कुंपण, तेच शेत खाऊन बसलं होतं. ठेंगू तिच्याकडे न बघता कुंडीवरची माती झटकू लागला. चष्मीला तेच जास्त लागलं.

कुंडी आणि सूक्ष्मदर्शक उचलून दोघांनी थेट पाळणाघर गाठलं. बाईंनी ठसे पाहिले, सुया पाहिल्या आणि मामाला बोलावून घेतलं.

"बाळाचे ओठ बघितले आणि मी कुंडी मुकाट उचलली," मामा पुटपुटला. "वाटलं, दोन दिवसांत विसरतील सगळे."

"माझा भात कोण विसरलं असतं हो?" ठेंगूच्या आईने विचारलं.

बाईंनी तिची माफी मागितली, उद्या नेहमीच्या वेळेला यायला सांगितलं. मग पोरांची पाठ थोपटली. "मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"भाची कुणाची!" मामा सगळ्यांत मोठ्यांदा म्हणाला.

एरवी या शाबासकीसाठी चष्मी डोंगर चढली असती. आज ती गपचूप ठेंगूच्या आईमागे जाऊन उभी राहिली.