फक्त उतारापुरती

चाकात हवा भरून शामसुंदर जोशी उभे राहिले, तेव्हा पंचवटीत नुकतं फटफटत होतं. सरोजिनीबाईंनी त्यांच्या पाठीवरच्या खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबले आणि नवऱ्याला बजावलं, "हे शेवटचं हं! वय काय, करता काय!"

"शेवटचंच. देवीशपथ."

माणूस खरं बोलत होता, बरं का. पासष्टी गाठलेल्याला शर्यत जिंकायची नसतेच. साठीपुढच्या गटात पंचवटीहून निघायचं, वणीवरून नांदुरी गाठायची, सप्तशृंगी गडाचा घाट चढायचा आणि उतरून पायथ्याशी रेघ ओलांडायची, एवढंच. पण तो घाट शामसुंदरराव कधीच स्वतःच्या दमावर चढले नव्हते. अर्ध्या चढात त्यांचा जीव घशाशी यायचा, आणि मग मागून हिरामण यायचा.

हिरामण पेठ तालुक्यातला, पंचवटीत घरोघर दूध घालणारा. वयाने बरोबरीचा, पण मांड्या सागाच्या. दुधाचे कॅन अडकवायची लोखंडी सायकल घेऊनच तो शर्यतीत उतरायचा. शामसुंदररावांच्या कमरेवर तळहात टेकवून त्यांना ढकलत न्यायचा. "चला भाऊ, देवीच्या दारात कोन दमतं का!" माथा आला की हात काढून घ्यायचा. सायकलवाल्यांचा रिवाजच आहे तो. चढाला हात द्यावा, उतार ज्याचा त्याने बघावा.

माथ्यावर जरा टेकले की तो शामसुंदररावांच्या हलक्या, परदेशी सायकलीवरून हात फिरवायचा. "लय भारी हाय. भाऊ, एकदा मला द्या ना. फक्त उतारापुरती."

"देऊ की रे, देऊ की," हे म्हणायचे. दिली मात्र कधी नाही. महागाची वस्तू, माणसाचा जीव होत नाही.

गेल्या वर्षी त्याच उतारावर हिरामणच्या ब्रेकची तार तुटली, आणि तिसऱ्या वळणावर तो सायकलीसकट कठड्यापलीकडे गेला.

यंदा घाटात धुकं असं दाटलं होतं की स्वतःचं पुढचं चाक दिसेना. बाकीचे कधीच पुढे निघून गेले होते. अर्धा चढ झाला आणि शामसुंदररावांची छाती भात्यासारखी हलू लागली. उतरून चालावं, असं मनात आलं. तेवढ्यात मागून वास आला. कच्च्या दुधाचा आणि विडीचा. आणि कमरेवर कुणीतरी तळहात टेकवला.

"उपकार झाले हो," ते धापा टाकत म्हणाले.

मागे दुसऱ्या चाकांचा आवाज नव्हता. फक्त त्यांचीच साखळी किरकिरत होती. तळहात ओला होता, आणि त्याचा गारठा अंगातल्या कपड्यातून हाडापर्यंत उतरत होता. मागे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्यांना बरंही वाटलं होतं. चढ सरत होता ना!

माथा आला. देवळाकडून घंटा ऐकू आली. रस्ता खाली कलला.

हात निघाला नाही.

शामसुंदररावांनी दोन्ही ब्रेक आवळले. रबर जळल्याचा वास सुटला, पण वेग काही कमी होईना. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

"चढ संपला... हात काढ..." ते पुटपुटले. "हिरामण... तूच ना रे?..."

अगदी कानाशी कुणीतरी बोललं, "फक्त उतारापुरती, भाऊ..."

धुक्यातून तिसऱ्या वळणाचा कठडा समोर आला.

"घे!" शामसुंदरराव किंचाळले. "सायकल तुझी! कायमची घे, पण मला सोड!"

हात सुटला. पुढचं चाक कठड्याला जेमतेम टेकून थांबलं. शामसुंदररावांनी सायकल हातात धरून सगळा उतार चालत संपवला आणि सर्वांत शेवटी रेघ ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते लहान पोरासारखे रडले, तर लोकांना वाटलं, आनंदाने.

घरी आल्यावर त्यांनी सायकल गॅलरीत ठेवली, साखळीने कुलूप घातलं, वर जुनी चादर टाकली. "हिला कुणी हात लावायचा नाही," एवढंच बोलले. कारण सांगितलं नाही. सरोजिनीबाई घाबरल्या असत्या, आणि दुसरं म्हणजे, सांगितलं की ते खरं ठरलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायला दोघं येवल्याला गेले. विणकराच्या माडीवर साड्या उलगडल्या जात होत्या, आणि मोबाइल वाजला. राकेश होता, त्यांच्या लेकीचा, मृण्मयीचा नवरा.

"बाबा, रागावू नका हं. तुमची सायकल घेऊन गडावर आलोय."

शामसुंदररावांनी बायकोकडे पाहिलं. ती हसत म्हणाली, "मीच दिली किल्ली. नुसती धूळ खात होती हो! जावयाला नाही म्हणायचं का?"

"काय सायकल आहे, बाबा!" राकेश बोलतच होता. "चढाला पाय मारावेच लागले नाहीत. कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असंच वाटत होतं."

"राकेशराव, आधी सायकलवरून उतरा. सायकल तिथेच टाका. चालत या... ऐकताय ना..."

"काय म्हणालात? इथे धुकं फार आहे, आवाज तुटतोय. इअरफोन आहे कानात, तुम्ही बोला, मी निघतोच आहे. आणि हो, एक काका भेटले. दिसत नाहीत नीट, पण मागेच आहेत. विचारत होते, सायकल कुणाची."

शामसुंदररावांनी फोन कानाशी घट्ट दाबला. "तुम्ही... काय सांगितलंत?"

"सांगितलं, माझी."

फोनमध्ये वारा घोंघावू लागला. सायकल उताराला लागली होती. तिकडून राकेशचा हसरा आवाज आला. तो मागच्या कुणाला तरी सांगत होता, "अहो काका, चढ संपला! हात काढा ना आता!"